शेतकामातील अपघात : दक्षता, जबाबदारी व नुकसानभरपाई

शेतीचा धंदा उघड्या रानात चालणारा, तेव्हा तो कारखान्याइतका धोक्याचा नाही, अशी समजूत बऱ्याच काळापासून रूढ आहे. बैल, नांगर, मोट आणि विळा एवढ्यावरच शेती चालत होती तोपर्यंत, साप-विंचू आणि उधळलेला बैल सोडल्यास, ही समजूत फारशी चुकीची नव्हती. आता विजेची मोटर, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी आणि विषारी औषधांचा फवारा ही साधने लहान शेतकऱ्याच्याही दारात आली आहेत. या साधनांच्या बाबतीत कारखाना व शेत यांत धोक्याच्या दृष्टीने भेद उरलेला नाही. कारखान्यात यंत्राला जाळी असते, कामगाराची हजेरी मांडलेली असते आणि अपघात झाल्यास तो नोंदला जातो. शेतात बहुधा यांपैकी काहीच नसते.

पुणे शहराच्या कडेला ही उणीव अधिक जाणवते. ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी, वाघोली, होळकरवाडी इत्यादी २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. हद्द बदलली म्हणून तेथील ऊस, भाजीपाला, फुलशेती व दुधाचे गोठे एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. बदलला तो मजूर. पूर्वी मालक व मजूर एकाच गावचे असत. मजुराच्या हाताला लागले तर मालकाला गावाच्या तोंडाकडे पाहून का होईना, त्याची विचारपूस करावी लागे. आज सकाळी चौकातून रोजावर आणलेला मजूर परजिल्ह्यातला, कित्येकदा परप्रांतातला असतो. मालकास त्याचे पूर्ण नाव ठाऊक नसते आणि मजुरास मालकाचे. अशा स्थितीत अपघात झाला म्हणजे दोघेही गोंधळून जातात. मजूर गप्प बसून गावी परततो किंवा मालक घाबरून हाती येईल ती रक्कम देऊन मोकळा होतो. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, दुसरा मार्ग मालकालाच अधिक महाग पडण्याचा संभव असतो.

एकाच पोत्याचा प्रवास पाहिला म्हणजे ही विषमता ध्यानी येते. शेतात भरलेले कांद्याचे पोते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचते तेव्हा ते हमालाच्या पाठीवर येते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत स्थापन केली. पुढे राज्यात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. त्या अधिनियमाखाली माथाडी मंडळे स्थापन झाली, हमालाची नोंदणी होऊ लागली, त्याची मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात जमा होऊ लागली आणि नुकसानभरपाईचा कायदाही त्याला लागू झाला. यार्डातील नोंदीत हमालाच्या पाठीला दुखापत झाली तर तो कोण, कोणाच्या कामावर होता व त्याची मिळकत किती, हे कागदावरून सांगता येते. तेच पोते शेतात भरणाऱ्या, त्यातील माल काढणाऱ्या अथवा त्यासाठी यंत्र चालवणाऱ्या मजुराविषयी असा एकही कागद नसतो. कायदा त्यालाही आहे. कागद मात्र नाही.

जबाबदारी कोणाची

कामावर असताना झालेल्या इजेबद्दल नुकसानभरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यात समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नाव व कलमांचे क्रमांक बदलले तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. ते तत्त्व असे की, इजा कामामुळे व कामाच्या ओघात झाली असेल तर भरपाई मालकाने द्यावयाची. मालकाची चूक होती किंवा नव्हती हा प्रश्न विचारावयाचा नाही. “मी त्याला हात घालायला सांगितले नव्हते” हे उत्तर म्हणूनच पुरेसे होत नाही.

हा कायदा गिरण्या व कारखाने यांच्यापुरताच आहे, असा शेतकऱ्यांत सार्वत्रिक समज आढळतो. तो बरोबर नाही. कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत ट्रॅक्टर अथवा वाफेच्या, यांत्रिक किंवा विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती, यंत्राने कापणी व मळणी, पिकांवर कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी आणि कूपनलिकेचे काम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मजूर रोजंदारीचा, चार दिवसांपुरता आहे ही सबबही आता उरलेली नाही; नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकण्यात आले. नव्या संहितेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. घरून कामावर येताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आल्यास, कामावरील अपघात समजला जातो. ट्रॉलीत माणसे दाटीने उभी करून आणणाऱ्या मालकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

मजुराने दारू पिऊन काम केले, मुद्दाम दिलेली सूचना मोडली किंवा संरक्षक जाळी जाणूनबुजून काढून टाकली, तर मालकास बचाव आहे; परंतु तो मर्यादित आहे. मृत्यू ओढवला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव चालत नाही. आणि जाळी मालकानेच काढून कोपऱ्यात ठेवली असेल, तर बचावाचा प्रश्नच उद्भवत नाही. यंत्र घेतल्यानंतर पहिल्याच हंगामात “काम अडते” म्हणून जाळी काढून ठेवण्याची रीत किती गोठ्यांत आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस वेगळे सांगावयास नको.

कडबाकुट्टी

शेतातील सर्व यंत्रांत कडबाकुट्टीकडे अधिक लक्ष पुरवणे जरूर आहे, कारण ती वर्षाचे सर्व दिवस, सकाळ-संध्याकाळ चालते आणि घरातील कोणीही ती चालवतो. कडबा कापण्याचे यंत्र महाराष्ट्राला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात जो कारखाना काढला, त्याच्या पहिल्या उत्पादनांत लोखंडी नांगराच्या जोडीला कडबा कापण्याचे यंत्र होते. ते यंत्र हाताने फिरवावयाचे असे. कोणाचे बोट रुळात सापडले तर चाक फिरवणारा ओरडा ऐकून थांबे आणि चाकही थांबे. मोटर बसवल्यावर ही सोय गेली. मोटरीस ओरडणे ऐकू येत नाही. बटणापर्यंत दुसऱ्याचा हात पोचेपर्यंत चाकाचे अनेक फेरे झालेले असतात.

अपघात कसा होतो ते नीट समजून घेतले पाहिजे. वैरण ओढून घेणारे दोन दातेरी रूळ असतात आणि त्यांच्यामागे चाकावर पाती असतात. हात प्रथम पात्यात जात नाही, तो रुळात जातो. रूळ त्याला पात्याकडे नेतात. वैरण ओली व आखूड असली किंवा पात्यांची धार गेली असली की ती पुढे सरकत नाही, तुंबते. मग मजूर तळहाताने रेटा देतो. रेटा देत असतानाच तुंबलेली वैरण एकदम सुटते आणि तिच्याबरोबर हातही आत जातो. संध्याकाळची वेळ, अंधुक उजेड, दिवसभराच्या कामाने आलेला थकवा आणि दूध काढण्याची घाई ही यात भर घालतात. यावरून एक गोष्ट सहज लक्षात यावी : पात्यांना वेळच्या वेळी धार लावणे हे जितके वैरणीच्या हिताचे, तितकेच बोटांच्या हिताचे आहे. धारदार पात्याच्या यंत्राला रेटा द्यावा लागत नाही.

यंत्र विकत घेताना पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात. वैरण घालण्याची पन्हळ लांब असावी व रुळांजवळचा भाग वरून पत्र्याने झाकलेला असावा, म्हणजे पन्हळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात रुळापर्यंत पोचत नाही. रूळ पुढे, बंद व मागे असे तिन्ही प्रकारे चालवणारा दांडा असावा आणि तो वैरण घालणाऱ्याच्या हाताशी किंवा गुडघ्याशी असावा. यंत्राच्या पलीकडे असलेला दांडा नसल्यासारखाच. चाकावर आच्छादन असावे आणि यंत्र बंद असताना चाक अडकवून ठेवण्याची खीळ असावी, नाहीतर पाती बदलताना चाक आपल्याच वजनाने फिरते. जुन्या यंत्राला पन्हळ लांब करून घेणे व जाळी बसवणे हे गावातील कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात होण्याजोगे काम आहे. शेवटची मूठभर वैरण हाताने न सारता लाकडाच्या दांडक्याने सारावी आणि ते दांडके यंत्रालाच दोरीने बांधून ठेवावे; सुटे ठेवलेले दांडके चार दिवसांत चुलीत जाते. बटण वैरण घालणाऱ्याच्या जवळ हवे व यंत्रावर दिवा हवा. मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये. बांगड्या, सैल बाह्या, पदर व पंचा यांविषयी सांगण्याची जरुरी वाटू नये, पण ती आहे.

मळणीयंत्रास हेच नियम लागू पडतात. मळणीयंत्रांवरील अपघातांची संख्या वाढल्यामुळे संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. भारतीय मानकाप्रमाणे मळणीयंत्राची पन्हळ कमीत कमी ९० सेंटिमीटर लांब व तीपैकी आतील ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा लागतो. विकत घेताना अथवा भाड्याने आणताना खिशात टेप असला म्हणजे ही पाहणी एका मिनिटात होते. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्याविषयी एवढेच लक्षात ठेवावे की तो मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा अथवा साडीचा पदर त्यात अडकला तर ट्रॅक्टर बंद करण्यास वेळ मिळत नाही. दांड्यावरील नळीसारखे आच्छादन तुटले असेल तर नवे बसवल्याखेरीज यंत्र जोडू नये.

फवारणी

फवारणीच्या अपघाताचे वैशिष्ट्य असे की तो दिसत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा खाली पडण्याऐवजी अंगावर व तोंडावर येत होता. निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती आणि शक्तीवर चालणाऱ्या पंपांतून अतिशय बारीक थेंब उडत होते. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. दगावलेल्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणारे मजूरही होते, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फवारणीचे काम कायद्याच्या यादीत आहे आणि स्फुरदयुक्त विषारी द्रव्यांमुळे होणारे आजार हे त्या कामातील व्यवसायजन्य रोग मानले गेले आहेत.

पुण्याच्या आसपास कपाशी नाही, पण फूलशेती आहे, भाजीपाला आहे आणि बंदिस्त हरितगृहे आहेत. हरितगृहात वारा नसल्यामुळे फवारा तेथेच तरंगत राहतो. म्हणून तेथे फवारणी झाल्यावर पडदे उघडून हवा खेळती केल्याशिवाय तोडणीसाठी बायकांना आत पाठवू नये. फवारणाऱ्यास हातमोजे, तोंडावर योग्य मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा व पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने दिला पाहिजे. उन्हाळ्यात हे कपडे नकोसे होतात हे खरे. त्याला उपाय सकाळी लवकर अथवा उन्हे उतरल्यावर फवारणी करणे हा आहे, कपडे काढून ठेवणे हा नव्हे. वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून फवारावे. तुंबलेल्या नोझलमध्ये तोंडाने फुंकर मारू नये. डब्यावरील त्रिकोणाचा रंग लाल असेल तर औषध अत्यंत विषारी आहे असे जाणावे.

फवारणी करणाऱ्यास फार घाम व लाळ सुटणे, मळमळणे, दृष्टी धूसर होणे, डोळ्यांतील बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे यांपैकी काही आढळले तर उन्हाचा त्रास समजून झाडाखाली निजवून ठेवू नये. अंगावरचे कपडे काढून साबण व पाण्याने अंग धुवावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते; पुणे शहरात ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना उतारा ठरवण्यास त्याचा उपयोग होतो आणि पुढे दाव्याच्या कामी तोच पुरावा ठरतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे की नाही एवढेच सांगते. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्यातून येणारा विषारी वायू दिव्याने कळत नाही. अशा विहिरीत दोर बांधल्यावाचून कोणी उतरू नये आणि आत कोसळलेल्यास काढण्यासाठी दुसऱ्याने तसेच उडी मारून उतरू नये. मोटरीच्या पेटीस अर्थिंग असल्याची खात्री तारतंत्र्याकडून पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी.

भरपाईचा हिशेब

भरपाईची रक्कम तीन गोष्टींवर ठरते : मासिक वेतन, वय आणि इजेचे प्रमाण. वयाप्रमाणे एक गुणक कायद्याच्या कोष्टकात दिला आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस या गुणकाने गुणावयाचे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेस गुणावयाचे. अंशतः अपंगत्व असेल तर त्या रकमेपैकी इजेच्या प्रमाणात हिस्सा मिळतो. इजेचे प्रमाणही ठरवून दिलेले आहे : एक हात गेल्यास ६० टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास ५०, एक डोळा गेल्यास ४०, अंगठा गेल्यास ३० आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के.

समजा, चाळीस वर्षांच्या मजुराचे मासिक वेतन १२,००० रुपये धरले. चाळीस वयाचा गुणक १८४.१७ आहे. वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्यास गुणकाने गुणले की १३,२६,०२४ रुपये होतात. कडबाकुट्टीत त्याची चार बोटे गेली तर यातील निम्मे, म्हणजे ६,६३,०१२ रुपये मालकास द्यावे लागतील. केवळ अंगठा गेला तर ३,९७,८०७ रुपये, केवळ तर्जनी गेली तर १,८५,६४३ रुपये. मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्म्यावर हिशेब होऊन ११,०५,०२० रुपये येतात. मजूर पंचवीस वर्षांचा असता तर गुणक २१६.९१ आणि चार बोटांची भरपाई ७,८०,८७६ रुपये झाली असती. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. इजा तात्पुरती असेल तर काम बंद राहिलेल्या काळात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यावयाची असते.

दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याजवळ एवढी रक्कम एका वेळी नसते, हे उघड आहे. ती जमीन विकून किंवा गहाण ठेवूनच उभी करावी लागेल. पन्हळीवर पत्रा बसवण्याचा खर्च या रकमेशी ताडून पाहावा. मजुराच्या बाजूनेही हिशेब मांडावयास हवा. उजव्या हाताची चार बोटे गेलेल्या माणसास विळा धरता येत नाही, पोते उचलता येत नाही. सहा लाख रुपये पुढील वीस वर्षांवर वाटले तर महिन्यास अडीच-पावणेतीन हजार पडतात. कायदा मजुरावर मेहेरबानी करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भागाकार करून पाहावा.

आपसांतील तडजोड

अपघातानंतर चार प्रतिष्ठित माणसे बसवून “यापुढे काही मागणार नाही” असा कागद करून घेण्याची प्रथा आहे. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मजूर दगावला असेल तर त्याच्या वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कमही भरपाई म्हणून धरली जात नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व वाटप तेथून होते. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम आगाऊ देण्यापुरतीच सवलत आहे. मृताच्या विधवेस रोख पैसे नेऊन देणाऱ्या मालकाचा हेतू चांगला असू शकतो, परंतु पुढे तोच पैसा दुसऱ्यांदा भरण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. देय झाल्यापासून एक महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

मजुराने अथवा त्याच्या वारसाने अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर मालकास लेखी द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा. पुण्यात वाकडेवाडी येथील अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात याबाबत चौकशी करता येते. वकील देण्याची ऐपत नसलेल्या मजुरास शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळू शकते.

विमा व शासकीय साहाय्य

मालकावरील ही जबाबदारी विम्याने उतरवता येते. सर्वसाधारण विमा कंपन्या कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी देतात. तिचा हप्ता एकूण मजुरी व कामाचा प्रकार यांवर ठरतो. ज्यांच्याकडे वर्षभर मजूर असतात अशा गोठेवाल्यांनी व हरितगृहाच्या मालकांनी ती अवश्य घ्यावी. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. मडगार्डवर बसवलेल्या मजुराबद्दलचा दावा विमा कंपन्या नाकारतात, कारण ट्रॅक्टर चालकाव्यतिरिक्त माणसे बसवण्यासाठी नसतो.

स्वतः शेतकरी अथवा त्याच्या घरचा माणूस जखमी झाला, तर तेथे मालक-मजूर हे नाते नसल्यामुळे वरील कायदा लागू होत नाही. सावडीने किंवा इर्जिकीने आलेल्या शेजाऱ्याचीही तीच स्थिती. अशांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक खातेदार आणि खातेदार नसलेला त्याच्या कुटुंबातील कोणताही एक सदस्य (आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा अथवा अविवाहित मुलगी) यांना तिचा लाभ मिळतो. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव अथवा दोन डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक अवयव अथवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. येथे बोटनिहाय कोष्टक नाही.

ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याच्या घरातही तो कोणाच्या नावावर नाही, असा भूमिहीन मजूर या योजनेत बसत नाही. त्याला आधार मालकावरील कायदेशीर जबाबदारीचा. आणि स्वतःचा म्हणून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षास २० रुपयांत २ लाखांपर्यंतचा अपघात विमा त्या योजनेत मिळतो. हंगामाच्या सुरुवातीस मजुरांची खाती पाहून हा हप्ता कापला जातो की नाही, याची खात्री ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून द्यावी. हे काम एका संध्याकाळचे आहे.

नोंदी व अपघातानंतरची कामे

मालकाने एक साधी हजेरीवही ठेवावी. तीत मजुराचे संपूर्ण नाव, मूळ गाव, वय, घरच्या माणसाचा दूरध्वनी, कामाचा प्रकार व दिलेली मजुरी लिहून सही किंवा अंगठा घ्यावा. भरपाईचा हिशेब वेतन व वय यांवर होत असल्यामुळे ही वही दोघांच्याही उपयोगी पडते. ती नसली म्हणजे वेतनाविषयी वाद होतो व परिसरात तशाच कामास मिळणाऱ्या मजुरीवरून ते ठरवावे लागते.

अवयव तुटला असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात उंच ठेवावा. तुटलेले बोट फेकून देऊ नये किंवा थेट बर्फात घालू नये. ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या डब्यात ठेवून रुग्णासोबत द्यावी. काही तासांत शस्त्रक्रिया झाल्यास बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता असते. रुग्णालयात “घरी पडून लागले” असे सांगण्याचा मोह टाळावा. तेथे पहिल्यांदा जे लिहिले जाते तेच पुढे सर्व ठिकाणी पाहिले जाते आणि मालकाची विमा पॉलिसी असल्यास खोट्या कारणामुळे त्याचाच दावा अडतो.

यंत्र आहे त्या स्थितीत ठेवून त्याचे छायाचित्र काढावे, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून पंचनाम्याची प्रत घ्यावी. जखमी व्यक्ती खातेदार अथवा त्याच्या कुटुंबातील असेल तर सातबारा, वयाचा दाखला, रुग्णालयाचे प्रमाणपत्र व पंचनामा, आणि मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला व वारसांची नोंद, या कागदांसह प्रस्ताव अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. महानगरपालिकेत नव्याने आलेल्या हवेली तालुक्यातील गावांच्या शेतकऱ्यांनीही तो महानगरपालिकेच्या कार्यालयात न देता तालुका कृषी अधिकारी, हवेली यांच्याकडेच द्यावा व पोचपावती घ्यावी.